माधवचा आवाज

बाईनं बांगड्या परत घेतल्या. परत घेतल्या म्हणजे कवडूच्या बोटांतून जवळजवळ ओढूनच घेतल्या, दोरीत ओवल्या आणि मागच्या खुंटीला टांगून टाकल्या. क्षणापूर्वी हीच बाई किती गोड बोलत होती. हिरव्या काचेवर नख वाजवून दाखवत होती, "ले जाव भैया, घरवाली खुश हो जाएगी," म्हणत होती. दिवाळी होऊन आठवडा उलटला तरी गोंदियाच्या बाजारातली गर्दी ओसरली नव्हती. विडीच्या तंबाखूचा आणि ताज्या भरडलेल्या तांदळाचा वास एकमेकांत मिसळून साऱ्या गल्लीवर बसला होता. कवडू इतका वेळ नुसता मान हलवत होता. मग त्यानं तोंड उघडलं. "जरा मोठ्या मापाच्या दाखवा," तो म्हणाला, "तिचा हात कामाचा आहे." एवढंच. बाईचा हात जागच्या जागी थांबला. तिनं मान तिरकी केली आणि त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता चेहऱ्याच्या जरा पुढं, हवेत पाहिलं. शब्द अजून तिथं लटकत असावा तसं.

"फिरून बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"तुमी माधव होय ना? रेडिओवाले?" आणि उत्तराची वाट न पाहता शेजारच्या दुकानाकडे वळून ओरडली, "अगं सुशिला, इधर आ! वोईच है, वोईच!"

कवडू हसला. हसला तिथंच चुकलं. नागपूर केंद्रावरून दर बुधवारी संध्याकाळी 'सात नंबरचं बिऱ्हाड' हे नभोनाट्य लागायचं, त्यातल्या माधवचं हसू घराघरात पाठ झालं होतं. बायको सुमन ताट वाढून बसलेली असताना नाटकात काम करणाऱ्या चंद्रिकेकडे निघालेला माधव दारातून असाच हसायचा. बांगडीवालीच्या कपाळावर आठी चढली. "कोनासाठी पाहिजे बांगड्या? त्या नाटकवालीसाठी?"

"माझ्या बायकोसाठी हो."

"बायकोले तं टाकून देल्लं तुमी! आंदी सुमनले घरी आना, मंग या बांगड्या घ्याले." सुशिला तोवर येऊन उभी राहिली होती. तिच्या मागं आणखी दोघीतिघी. कुणी हसत होतं, पण बांगडीवाली हसत नव्हती. कवडूनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती खरंच चिडली होती.

तो गर्दीतून बाहेर आला तेव्हा जीभ तोंडात परक्यासारखी पडली होती. चेहऱ्याची त्याला कधी अडचण झाली नव्हती. रेडिओवाल्याला चेहरा असतो कुठं? नागपुरात तो महाल भागातल्या गल्ल्यांतून, सीताबर्डीच्या गर्दीतून बिनधास्त हिंडायचा आणि हॉटेलात बसून आपल्याच गाण्याची तबकडी लागलेली ऐकायचा. कुणी ओळखत नसे, आणि त्यात एक चोरटं सुखही असे, आपल्याच घरात चोरपावलांनी शिरल्यासारखं. आता मात्र तोंड उघडलं की दार उघडणार होतं. स्टेशनवर छोट्या लाइनचं, अरुंद रुळांच्या गाडीचं, तिकीट काढताना त्यानं खिडकीतून पैसे सरकवले आणि "देवलगाव" हे गावाजवळच्या स्टेशनचं नाव इतकं पुटपुटत घेतलं की बाबूला तीनदा विचारावं लागलं. तिसऱ्या खेपेला कवडूनं त्याच्यासमोर हात हलवून दिशाच दाखवली.

आवाज. लहानपणापासून त्याच्याकडे बाकी काही नव्हतंच. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर सुइणीला एका कवडीला विकला आणि परत घेतला. नाव पडलं कवडू. काटकुळा, सावळा, शाळेत मागच्या बाकावर बसणारा. पण आपल्या गावच्या, नवेगावच्या, तळ्याच्या बांधावर उभा राहून त्यानं हाक मारली की ती पाणी ओलांडून पलीकडच्या झाडीत जायची आणि तिकडून काहीतरी जास्तीचं घेऊन परत यायची. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या मंडईत, दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात त्याला राणी केलं, मावशीचं लुगडं नेसवून. मिसरूड फुटलेलं होतं, ते दोनदा भादरून काढलं. भरदुपारी, दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत, जिथं लोक जिलबी खात, पोरं हरवत, दंडारीकडे अर्ध्या कानानं बघत, तिथं तो राणीचं रडगाणं म्हणायला लागला. आणि समोरच्या एका म्हाताऱ्यानं तोंडाकडे नेलेली जिलबी तशीच हातात धरून ठेवली. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तरी त्याला भान नव्हतं. कवडू गाता गाता तेच पाहत होता. राणी तिकडं मरत होती आणि त्याच्या आतून कुणीतरी उड्या मारत होतं.

पुढं गोंदियाच्या विडीच्या कारखान्यात मुनीमगिरी, आणि गणपतीत, लग्नात, जिथं बोलावतील तिथं गाणं. कुणीतरी सांगितलं, नागपूरला रेडिओ झालाय, जाऊन बघ. गेला. काचेपलीकडे केंद्राचे अधिकारी दाणीसाहेब बसले होते, बारीक चष्मा, पांढरी विजार. दोन ओळी ऐकून त्यांनी हात वर केला. "गळा सोन्याचा आहे तुमचा. पण जीभ झाडीपट्टीची आहे. पानी नाही हो, पाणी. डोरा नाही, डोळा." कवडू परत आला आणि वर्षभर त्या दोन अक्षरांच्या मागं लागला. कारखान्याच्या मागं, तंबाखूनं भरलेल्या चुंगड्यांच्या थप्प्यांमध्ये उभा राहून 'कोण, कोणी, कोणाचा, काळा, निळा, मोकळा' घोकायचा. टाळूवर जीभ उलटी लावून लावून तोंड दुखायचं. कामावरच्या बाया हसायच्या, "मुनीमजीले भूत लागला." दुसऱ्या खेपेला दाणीसाहेबांनी हात वर केला नाही. दोन ओळी झाल्या, कडवं झालं, गाणं संपलं आणि साहेब काचेपलीकडून उठून दार उघडून आत आले. म्हणाले, "बसा." त्या काळी कलावंताला बसा म्हणणं ही मोठी गोष्ट होती.

मग ते गाणं आलं. 'सांग ना गं सांजवेळी कुणासाठी थांबशी, पाण्यावरती नाव माझे बोटाने का रेखशी.' कवडूला ते पहिल्यांदा वाचतानाच कळलं होतं की हे आपलं आहे. तबकडी निघाली. यवतमाळपासून बालाघाटपर्यंत हॉटेलांतून, पानठेल्यांवरून, लग्नाच्या मांडवांतून ती वाजत राहिली. निवेदिका म्हणायची, "आता ऐका कवडू डोंगरवार यांच्या आवाजात," तेव्हा 'कवडू' या नावालाही कसलीतरी झळाळी यायची. पुण्या-मुंबईकडचं एखादं नाव घ्या म्हणून सुचवणारे गप्प झाले. प्रेमाची गाणी म्हणजे कवडू, असं तीन-चार वर्षं चाललं. मग नवे गळे आले, जास्त गोड, जास्त शिकलेले. कवडूच्या गाण्यांच्या वेळा सकाळच्या उजाड वेळांकडे सरकल्या. तेव्हाच दाणीसाहेबांनी त्याच्या हातात 'सात नंबरचं बिऱ्हाड' दिलं. "नायक नाही, बदमाश आहे. पण गोड बदमाश पाहिजे मला. नुसता दुष्ट माणूस लोक एका बुधवारी बंद करतील." कवडूला वाईट वाटलं होतं. गोडव्याला आता बदमाशीच्या कामाला लावायचं? पण त्यानं ते केलं, आणि मन लावून केलं. आणि आता एक बाई त्याला बांगड्या विकत नव्हती.

छोटी गाडी हलत, खोकत निघाली. डब्यात समोर मुंडासंवाला एक शेतकरी आणि त्याची बायको बसली होती, मांडीवर चिवड्याचं गाठोडं. "कुठी चालले भाऊ?" त्यानं विचारलं. कवडूच्या तोंडाशी देवलगाव आलं, आणि तिथंच अडलं. त्यानं खिडकीबाहेर बोट केलं. "कोनत्या गावचे?" कवडूनं पुन्हा बोट केलं आणि ओशाळून मान हलवली. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "मुका आहे बिचारा," बाई म्हणाली आणि गाठोडं सोडून त्याच्या ओंजळीत चिवडा घातला. कवडूनं खाल्ला. आता तर बोलण्याची सोयच उरली नाही. बाहेर धान उभं होतं, कुठं कापणी लागली होती, पेंढ्या बांधावर आडव्या पडल्या होत्या, आणि आत ती दोघं मोकळेपणी बोलत होती, मुक्या माणसासमोर बोलतात तसं.

"बुधवारी मंडई आहे कामठ्यात, मी नाही येत," बाई म्हणाली.

"काऊन?"

"बुधवारी बिऱ्हाड राहते ना. त्या माधव्याचं काय होते ते आयकाचं आहे मले."

"त्या हरामखोराचं काय आयकतं! मी तं म्हनतो त्याले सौंदडच्या स्टेसनावर उभा करून जोड्यानं हानला पाहिजे."

"हाना ना. पन बोलते कसा तो! त्या दिवशी त्या चंद्रिकेले म्हने, तू हसली का मले माहं घर आठवत नाही. मले तं रडूच आलं. अन् मंग राग आला का मी काऊन रडून राहिलो."

कवडूच्या घशात चिवड्याचा दाणा अडकला. तो खोकला, आणि खोकतानाही घाबरला, खोकला तरी ओळखू येणार नाही ना? ती बाई त्याला पाणी देत होती. तांब्या उंच धरून वरून पाणी पिताना त्याला एकाएकी आतून उकळी फुटली, हसण्याची की कशाची कुणास ठाऊक. बाजारातल्या त्या खुंटीवर टांगलेल्या बांगड्या त्याला वेगळ्याच दिसायला लागल्या. सकाळपासून तो अपमान गिळत होता, आणि गिळता गिळता तो गोड लागत होता. गाण्याला लोक वा म्हणतात आणि पान खायला जातात. इथं एक बाई गिऱ्हाईक परत पाठवते, एक शेतकरी जोडा काढायला निघतो, त्याची बायको मंडई सोडते. केवळ आवाजानं. एका बंद खोलीत, गादी लावलेल्या भिंतींकडे तोंड करून काढलेल्या आवाजानं. तबकडीवर त्याचं नाव छापलं गेलं तेव्हा वाटला नव्हता तेवढा अभिमान त्याला त्या गदगदत्या डब्यात, चिवड्याचे कण पुसत, मुक्याचं सोंग घेऊन बसलेला असताना वाटला. देवलगावला उतरताना त्यानं दोघांना हात जोडले. बाई म्हणाली, "सांभाळून जा हो," आणि त्याला आभार मानता आले नाहीत.

स्टेशनवर बैलांची रेंगी घेऊन श्यामलाल आला होता, नवेगावचा सरपंच, मंडईचा सारा पसारा त्याच्याच डोक्यावर. बैल हाकता हाकता म्हणाला, "उद्या दुपारी दंडार झाली का तुयं गानं. भोंगा आनला गोंदियाहून. सात गावचे लोक येऊन राहिले. पन एक सांगतो, कवडू, रागावू नको. बाया तापल्या आहेत."

"मी काय केलं?"

"ते तुले मालूम," श्यामलाल म्हणाला आणि बैलाची शेपटी पिळली.

घराच्या अंगणात त्याची बायको प्रेमिला सूप घेऊन धान पाखडत होती. उठली नाही. "आला का माधव," म्हणाली. सुपातून फोल उडत होतं आणि मावळतीच्या उन्हात ते तिच्या केसांवर बसत होतं. तिला असं पाहिलं की दरवेळी कवडूला आपण पाहुणे आहोत असं वाटायचं. लग्न झाल्यावर वर्षभर ती नागपुरात राहिली होती, महालातल्या एका खोलीत. मग त्याची आई गेली. बापाचे, बकारामचे, कान त्याआधीच गेले होते. म्हातारा एकटा, घरचं धान. प्रेमिला इथं आली ती इथलीच झाली. कवडू सणावाराला यायचा. यात कुणाचं चुकलं असं नव्हतं. तरी सुमन ताट वाढून बसते तो प्रसंग पहिल्यांदा वाचताना तो एका ओळीवर अडखळला होता, आणि दाणीसाहेब म्हणाले होते, वा, तसंच ठेवा.

"काय आनलं?" तिनं विचारलं.

"काही नाही. बांगड्या आणणार होतो. बाईनं दिल्या नाहीत." आणि त्यानं सगळं सांगितलं, सुमनला घरी आणा म्हणेपर्यंत. प्रेमिलानं सूप खाली ठेवलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसत राहिली. ओसरीवरून बकारामनं विचारलं, "काय झालं गा?" आणि उत्तर ऐकू येणार नाही हे ठाऊक असल्यानं स्वतःच हसायला लागला.

हसू ओसरल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "इथी मले सगरे सुमनच म्हनून राहिले. तराच्या घाटावर पानी भराले गेलो का बाया माझी घागर उचलून देतात. कोनी वांगे आनून देते, कोनी म्हनते, बाई, धीर धर. मी सांगतो, अवं ते नाटक होय. तं म्हनतात, हो हो, नाटकच होय, अन् अजून दोन वांगे देतात." तिनं केसांतलं फोल झटकलं. "मले एक सांगा. तुमी त्या चंद्रिकेशी बोलता तवा आवाज तसा कसा होते? मी पंचायतीच्या रेडिओपाशी बसतो. सगऱ्या बाया माझ्याकडं पाहतात. अन् तुमचा आवाज असा येते जसा..." ती थांबली. "मले तो आवाज मालूम आहे. म्हनून विचारतो."

कवडूच्या डोळ्यांसमोर स्टुडिओ आला. चंद्रिका म्हणजे शकुंतलाबाई, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. प्रसंग सुरू होण्याआधी त्या खडीसाखर चघळतात आणि खडा गालात सरकवून 'माधव, आज उशीर केलास' म्हणतात. भिंतींना गादी लावलेली, आवाज निघतो आणि तोंडाशीच मरतो. लाल दिवा लागला की कवडू डोळे मिटतो. मिटले की तळं दिसतं, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, पाणी उतरलेलं, बांधाच्या दगडांवर पाय सोडून बसलेली प्रेमिला, आणि तिचा घाबरा, हसरा, 'कोनी पाहीन ना' म्हणणारा चेहरा. तो तिच्याशी बोलतो. दर बुधवारी, साऱ्या वऱ्हाड-नागपूरला ऐकू जाईल अशा आवाजात, तो आपल्याच बायकोशी बोलत असतो, आणि ती इथं पंचायतीच्या ओट्यावर बसून ते दुसरीसाठी आहे असं समजत असते. हे त्याला आजवर विचित्र कसं वाटलं नव्हतं?

"डोरे मिटतो," तो म्हणाला, "अन् तू दिसते. त्या उन्हाळ्यातली. बांधावरची." बोलताना त्याची जीभ आपोआप झाडीची झाली होती. "तिच्याशी नाही बोलून राहत मी. तुह्याशीच बोलून राहतो."

प्रेमिलानं सूप उचललं. पाखडायला घेतलं आणि पाखडलं नाही. कान लाल झाले होते, एवढं संध्याकाळच्या उजेडातही दिसलं. "खोटं असन तरी बरं बोलले," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "खोटं नाही वाटत." आणि आत जाऊन चुलीवर भात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडई ऐन भरात होती. बैलजोड्या सोडलेल्या, चिवड्याची आणि उसाची दुकानं, फुगे, धूळ. मधोमध फळ्यांचा मंच आणि बांबूवर बांधलेला भोंगा. दंडार संपली, नाचे घाम पुसत उतरले आणि श्यामलालनं माईक हातात घेऊन कवडूच्या गुणांचं असं वर्णन सुरू केलं की कवडूला खाली बसल्या बसल्या घाम फुटला. नाव घेतल्याबरोबर टाळ्या आल्या, आणि टाळ्यांच्या आतून दुसरंही काहीतरी आलं. तो मंचावर चढला तेव्हा बायांच्या बाजूनं एक खणखणीत म्हातारा आवाज उठला, "सुमनले कुठी ठेवून आला रे?" हशा पिकला. "जवाब दे!" दुसरी ओरडली. "तोंड दाखवाले आला, लाज नाही!" पुरुषांतून कुणी शिटी मारली. बाप्ये हसत होते. बाया अर्ध्या हसत होत्या आणि अर्ध्या, त्या बांगडीवालीसारख्याच, हसत नव्हत्या.

कवडूनं माईक धरला. सात वर्षं तो रेडिओवर गायला होता, पण तिथं गाताना समोर माणूस नव्हता. काच असे आणि काचेपलीकडे चष्मा. आणि आता हे, डोकी, पदर, टोप्या, कडेवरची पोरं, झाडावर चढलेले, रेंग्यांवर उभे राहिलेले, थेट तळ्याच्या काठापर्यंत. त्यानं सवयीनं डोळे मिटले. मिटल्यावर गलका दुप्पट झाला. उघडले. पेटीवाल्यानं सूर दिला, तो त्याला सापडेना. 'सांग ना गं' म्हटलं, ते इतकं खाली लागलं की भोंग्यातून नुसती घरघर निघाली. "आता आवाज काऊन बसला?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा हशा. कवडूला वाटलं, संपलं. ज्या आवाजावर इतके चिडले, तो आवाजच आता यांना देता येणार नाही. त्यांच्यासमोर उभा आहे तो एक काटकुळा माणूस, कपाळावर घाम आलेला, आणि तेवढाच.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून गाणं सुरू झालं. आधी त्याला ते आपलं गाणं आहे हे कळलंच नाही. जाडाभरडा, सूर धरायची फिकीर नसलेला आवाज. "सांग ना वं सांजवेरी कोनासाठी थांबशी..." प्रेमिला होती ती. उभी राहिली होती, हात कमरेवर, कुणाशी भांडायला उभी राहावी तशी. तिनं दुसरी ओळ उचलली, "चिखलावरती नाव माहं पायानं का रेखशी!" आणि ती ओळ पुरी होण्याआधी तिच्या बाजूच्या दोघींनी साथ धरली, मग त्यांच्या मागच्यांनी, मग अख्ख्या बायांच्या बाजूनं. चिखलावरती. पायानं. कवडू ऐकत राहिला. हे शब्द त्याचे नव्हते, नागपूरच्या त्या कवीचेही नव्हते. रोवणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावताना यांनी हे गाणं म्हटलं होतं, आणि पाण्याच्या जागी चिखल आला होता, बोटाच्या जागी पाय, कारण बोटं रोपांत गुंतलेली. एका रोवणीत नाही, वर्षानुवर्षं. तिसरं कडवं तर त्याला ठाऊकच नव्हतं, ते त्यांनी रचलं होतं, त्यात सासू होती आणि मोडकी छत्री होती. तो काचेसमोर डोळे मिटून उभा होता तेव्हा हे सारं इकडं चाललेलं होतं, त्याच्या पाठीमागं, उन्हापावसात, आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रेमिलानं हात हलवून त्याला खूण केली, म्हणा ना आता, वेडे झाले का. आणि कवडू गायला. त्यांच्या पट्टीत, त्यांच्या चालीनं, 'चिखलावरती नाव माहं' म्हणत. आवाज आतून वर आला आणि भोंग्यातून बाहेर पडून त्या सगळ्या डोक्यांवरून तळ्यावर गेला. वरच्या स्वराला त्यानं तो ठेवला आणि ठेवूनच दिला. खालच्या शेकडो आवाजांनी तो खांद्यावर घेतला. ओळ संपली की त्या म्हणत, त्या थांबल्या की तो. हाका मारणारी ती म्हातारी आता मंचाला खेटून उभी होती, तोंडाला दात नव्हते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती प्रत्येक शब्द म्हणत होती. गाणं संपल्यावर जो आवाज उठला त्यानं झाडावरचे बगळे उडाले. "अजून!" पुरुष ओरडले. "माधव्या, अजून!" बाया ओरडल्या, आणि आता त्या नावात शिवीही होती आणि मायाही. त्यानं दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. मग मागणी आली की माधवचं बोलणं म्हण, त्या दिवशीचं. त्यानं माईक जवळ घेतला आणि हलक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण एकाच बाजूला बघून म्हटलं, "तू हसली का मले माहं घर आठवत नाही." बायांनी वळून प्रेमिलाकडे पाहिलं. ती पदराआड गेली. मंडईत असा ओरडा झाला की श्यामलालनं घाबरून भोंग्याचा बांबू धरला.

पहिल्या रांगेत, खाटेवर बसवलेला बकाराम हे सगळं बघत होता. त्याच्या कानात काहीच नव्हतं. समोर त्याचा पोरगा तोंड उघडत होता, मिटत होता, आणि त्याच्या भोवती माणसं वेड्यासारखी करत होती. म्हातारीच्या डोळ्यांकडे त्यानं पाहिलं, मग तिच्या शेजारणीच्या, मग मागं वळून साऱ्या गर्दीकडे. त्याच्या कपाळावर काळजी उमटली. प्रेमिला वाट काढत त्याच्याजवळ आली होती, तिचा हात त्यानं घट्ट धरला.

"काऊन रडून राहिले हे लोक?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यानं विचारलं. "काय झालं? कोनी गेलं का?"

माईक जवळच होता. ते साऱ्या मंडईला ऐकू गेलं, आणि मंचावर कवडू थांबला. प्रेमिलानं तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं, "तुमच्या पोरानं गानं म्हटलं, बाबाजी!"

बकारामनं मंचावरच्या कवडूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग धोतर सावरून तो खाटेवर नीट, पाय वर घेऊन, मांडी घालून बसला.

"असं का," तो म्हणाला. "मंग म्हन ना बापा. थांबला काऊन?"